मुक्काम पोस्ट कॅम्प

इंग्रज या देशातून गेला तेव्हा त्याने आपले चंबूगबाळे पुष्कळ व्यवस्थित आवरले. तरीही घर सोडताना माळ्यावर काही ना काही राहून जातेच, तसे त्याचे कितीतरी शब्द मागे राहिले. त्यांतले तिकीट, स्टेशन, टेबल हे तर आपल्याकडे इतके रुळले आहेत की, त्यांना परके म्हणणाऱ्यालाच लोक परका समजतील. पण एक शब्द असा आहे की, तो नुसता बोलण्यात राहिला नाही. तो जमिनीवर राहिला. त्याला रस्ते फुटले, त्याच्यात बाजार भरला, पोस्ट आले, पोलीस ठाणे आले, आणि पाहता पाहता लोक त्याच्यात जन्मू आणि मरू लागले. तो शब्द म्हणजे कॅम्प.

महाराष्ट्राचा नकाशा उघडून पाहावा. पुण्याचा कॅम्प सर्वांना ठाऊकच आहे. नाशिकजवळ देवळाली कॅम्प आहे, नगरला (आता अहिल्यानगरला) भिंगार कॅम्प आहे, मालेगावलाही एक कॅम्प आहे. राज्याच्या सीमेपलीकडचा, पण मराठी माणसाच्या तोंडी सदैव असलेला बेळगावचा कॅम्प आहे. आणि कल्याणच्या पुढे उल्हासनगरात तर एक सोडून पाच कॅम्प आहेत, तेही नंबरवार! शिवाय सरकारी साहेब दौऱ्यावर गेले की कचेरीतला शिपाई सांगतो, "साहेब कॅम्पावर आहेत." साहेबांच्या पत्रावरही डोक्याशी लिहिलेले असते, 'कॅम्प : पंढरपूर'. घरातली मुलगी एन. सी. सी.च्या कॅम्पाला जाते, आजोबा डोळे तपासण्याच्या कॅम्पाला जातात, आणि पाहुणे फार झाले की त्यांतल्या धाकट्याला कॅम्पखाटेवर झोपावे लागते. एका शब्दाने किती म्हणून कामे करावीत!

गेल्या काही वर्षांत निमित्तानिमित्ताने यांतली पुष्कळ ठिकाणे माझी पाहून झाली. प्रत्येक ठिकाणी हिंडताना एकच प्रश्न मनात येई. कॅम्प म्हणजे उठण्यासाठी टाकलेला तळ. मग हे सारे तळ उठले का नाहीत?

आधी या शब्दाची जन्मपत्रिका थोडी पाहू. लॅटिन भाषेत 'काम्पुस' म्हणजे उघडे मैदान, पटांगण. रोम शहराच्या वेशीबाहेर असेच एक मैदान युद्धदेव मार्सच्या नावाने होते. तिथे सैन्य जमे, कवाईत करी. मैदानात सैन्य उतरते, म्हणून पुढे मैदानाचा अर्थ सैन्याच्या उताऱ्याला येऊन चिकटला आणि फ्रेंचांच्या हातून तो शब्द इंग्रजांकडे आला. या कुळाचा विस्तार मोठा आहे. मोहीम या अर्थाचा 'कँपेन' याच घरातला. आज निवडणुकीचा उमेदवार आणि साबणाचा कारखानदार दोघेही तो शब्द सारख्याच आवेशाने वापरतात. मैदान मारणारा 'चँपियन' यांचाच भाऊबंद. आणि कॉलेजचे 'कँपस' म्हणजे तर मूळ लॅटिन शब्दच. अमेरिकेत प्रिन्स्टनच्या विद्यालयाच्या आवाराला अठराव्या शतकात तो पहिल्याने लावला गेला. म्हणजे आपला मुलगा कँपसमधून नोकरी मिळवून घरी येतो, तेव्हा तो एका अर्थी युद्धदेवाच्या पटांगणातूनच परत येत असतो. आजची ती चढाओढ पाहिली म्हणजे यात फारसे खोटे वाटत नाही.

पण तळ ठोकण्याची विद्या आपल्याला काही इंग्रजांनी शिकवली नाही. लष्करी मुक्कामाला आपल्याकडे शब्दांचा तोटा कधीच नव्हता. मराठे सरदारांचे 'गोट' असत; तो शब्द आज वर्तमानपत्रांनी उचलला आहे आणि विरोधकांच्या गोटात, सरकारी गोटात सारखी खळबळ उडत असते. फारसीतून 'लष्कर' आले. तुर्की भाषेत छावणीला 'ओर्दू' म्हणतात. त्यावरून एका गोड भाषेला उर्दू हे नाव मिळाले, आणि तोच शब्द इंग्रजीत 'होर्ड' होऊन रानटी टोळीला लागला. एकाच छावणीतून एक शब्द गझलेकडे गेला आणि एक लुटीकडे! पत्रावर आपण 'मु. पो.' लिहितो, त्यातला मुक्कामसुद्धा अरबीतला, थांबण्याच्या जागेचा. आपण पिढ्यान्‌पिढ्या एका गावात राहतो आणि पत्त्यात मात्र प्रवाशासारखे 'मुक्काम' लिहितो, हे कधी कोणाला खटकले नाही.

सर्वांत मोठा पालट झाला तो 'शिबिर' या संस्कृत शब्दाचा. महाभारताच्या सौप्तिक पर्वात अश्वत्थामा रात्री पांडवांच्या शिबिरात शिरला आणि झोपलेल्या वीरांचे त्याने शिरकाण केले, ते हे शिबिर. आज आपल्या आळीत फलक लागतो, 'भव्य रक्तदान शिबिर'. ज्या शब्दात रक्त सांडत होते, त्याच शब्दात माणसे आता रांगेने उभी राहून रक्त देतात आणि वर चहा-बिस्किटे खातात. शब्दांचेही पुनर्जन्म होतात ते असे.

आणखी एक शब्द इथेच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याचे काम पडणार आहे. तो म्हणजे 'बाजारबुणगे'. लढाऊ फौजेच्या मागून वाणी, उदमी, खटारेवाले, मोतद्दार, बायका, पोरे असा जो प्रचंड जमाव चाले, तो हा. पानिपतच्या पराभवाचे खापर फोडताना इतिहासकारांनी या गरिबांना पुष्कळ बोल लावले, आणि आज कोणाला हलके म्हणायचे झाले की आपण खुशाल 'बाजारबुणगे' म्हणतो. पण कॅम्प हिंडून आल्यावर माझे मत असे झाले आहे की, गाव वसवावे तर बाजारबुणग्यांनीच. शिपायाच्याने ते होत नाही.

याचा सर्वांत ठळक पुरावा मराठ्यांच्याच इतिहासात आहे. १८१०च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली आपल्या फौजेचा तळ टाकला. तो तळ हललाच नाही. राहुट्यांची घरे झाली, घरांचे वाडे झाले, पेठा झाल्या, आणि ते जे शहर उभे राहिले त्याचे नावच मुळी 'लश्कर' पडले. आजही ग्वाल्हेरचा तो भाग त्याच नावाने ओळखला जातो. तिथली फौज गेली, राज्य गेले, शहर राहिले.

पुण्याची गोष्ट यासारखीच. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला लढाई झाली, पेशवाई बुडाली, आणि शहराच्या पूर्वेला इंग्रजांची छावणी बसली. जुने पुणेकर तिला कॅम्प म्हणत नसत. ते म्हणत 'लष्कर'. पुणे शहर एक आणि पुणे लष्कर एक. मध्ये अंतर चालून अर्ध्या तासाचे, पण रीतिभाती पाहिल्या तर दोन देशांचे. शहरातला माणूस लष्करात जाई तो कापड घ्यायला, बूट घ्यायला, आणि घरी न सांगता केक खायला.

कॅम्पातल्या जागांची नावे मोठी बोलकी आहेत. तिथे मोदीखाना आहे. मोदीखाना म्हणजे फौजेच्या शिधासामग्रीचे कोठार. सदर बाजार म्हणजे छावणीचा अधिकृत बाजार. साहेबांच्या खानसाम्यांची वस्ती म्हणून बटलर मोहल्ला. पलटणी येत, पलटणी जात. पण त्यांना पीठ, मांस, कापड, पाव, खोगीर पुरवायला जे आले ते गेले नाहीत. पारशी आले, बोहरी आले, गुजराती आले, मद्रासी पलटणींच्या मागोमाग तमिळ कंत्राटदार आले, गोव्याचे आचारी आले. बगदादकडचे ज्यूही आले. त्यांतल्या डेव्हिड ससूनने बांधायला घेतलेले सिनेगॉग १८६७ साली पुरे झाले. त्याच्या तांबड्या विटांमुळे पुणेकरांनी त्याला सरळ 'लाल देऊळ' करून टाकले. ससून १८६४ साली पुण्यातच वारला. त्याची कबर त्याच आवारात आहे. जवळच १८२५ साली बिशप हेबरच्या हस्ते प्रतिष्ठापना झालेले सेंट मेरी चर्च आहे. इराणी मालकांच्या कयानी बेकरीचा जन्म तर १९५५चा, म्हणजे साहेब गेल्यावरचा. गोरा शिपाई बोटीत बसून विलायतेला गेला आणि त्याची बिस्किटे सदाशिव पेठेतल्या डब्यात जाऊन बसली. बाजारबुणग्यांचा विजय तो हा!

परंतु शहरात हा शब्द नेहमी केकच्या वासाबरोबर आला असे नाही. १८९७ साली पुण्यात प्लेगने कहर केला. गोरे सोजीर घरोघर शिरून झडत्या घेऊ लागले, आणि आजाऱ्याच्या घरच्या माणसांना उचलून 'सेग्रेगेशन कॅम्पा'त नेऊ लागले. त्या काळात पुण्याच्या माजघरात कॅम्प या शब्दाने बायकांच्या पोटात गोळा उठत असे. रँडसाहेबाचा खून त्याच वर्षी जूनमध्ये झाला. पण त्याच प्लेगात याच कॅम्पच्या पलीकडे, हडपसरच्या बाजूला ससाणे मळ्यात सावित्रीबाई फुल्यांचे चिरंजीव डॉक्टर यशवंत रोग्यांवर उपचार करीत होते. तिथे लोक धरून आणलेले नव्हते. सावित्रीबाई स्वतः रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या, आणि त्यातच १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. तंबू इथेही आणि तिथेही. फरक आत नेणाऱ्या हातांचा. २०२० साली करोना आला तेव्हा 'विलगीकरण' हा नवा शब्द आपण शिकलो. तो त्याच 'सेग्रेगेशन'चा मराठी अवतार. त्याही वेळी आपल्याला भय रोगाचे थोडे आणि उचलून नेले जाण्याचे अधिक होते, हे आठवून पाहावे.

कॅम्पचे आणखी एक देणे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आपल्या गावांनी ज्यांना वेशीबाहेर ठेवले, त्यांच्यातल्या पुष्कळांना अक्षरओळख छावणीने करून दिली. लष्करी शिपायांच्या मुलांसाठी तिथे शाळा असत. इंदूरजवळ महू ही १८१८ साली वसलेली छावणी. तिथल्या लष्करी शाळेत रामजी सकपाळ हे सुभेदार शिकवीत असत. त्यांच्या घरी १४ एप्रिल १८९१ रोजी जो मुलगा झाला, त्याने पुढे देशाला घटना दिली. महू हे नाव कुठल्याशा इंग्रजी लष्करी नावाची आद्याक्षरे जोडून झाले, असे पुष्कळ जण छातीठोकपणे सांगतात. ते खरे नव्हे, गावाचे नाव जुनेच आहे. २००३ साली त्याला डॉ. आंबेडकर नगर हे नाव मिळाले. जातीच्या गावात ज्याला ओटा नव्हता, त्याला तंबूत बाक मिळाला. साहेबाने हे उपकार म्हणून केले नाही, आणि १८९०च्या सुमारास महारांची भरती बंद करून त्याने हातही झटकले. तरी तेवढ्या थोड्या वर्षांत जी पेटायची होती ती ज्योत पेटून गेली होती.

पुण्याहून नाशिक गाठावे आणि तिथून देवळाली. देवळाली गाव वेगळे आणि देवळाली कॅम्प वेगळा. टांग्याच्या काळात हे आधी नीट सांगावे लागे, आज रिक्षातही सांगावे लागते. हवा अशी की, मुंबईच्या पारशी-गुजराती मंडळींनी इथे आरोग्यधामांची रांगच लावली. रस्ते रुंद, झाडे जुनी, बंगल्यांना भलीमोठी आवारे. स्वातंत्र्यानंतर तोफखान्याची मोठी शाळा इथे आली, त्यामुळे मधूनमधून दुरून तोफांचा आवाज येतो आणि नवखा पाहुणा चहाचा कप सांडतो. कॅम्पला लागूनच भगूर. सावरकरांचा जन्म तिथला, १८८३चा. एका अंगाला साम्राज्याची छावणी आणि दुसऱ्या अंगाला साम्राज्याच्या वैऱ्याचा पाळणा, इतके ते जवळ आहे.

या देवळालीने इंग्रजी भाषेला एक शब्द दिला आहे, आणि तो काही गौरवाचा नाही. १८६१च्या सुमारास इथे जा-ये करणाऱ्या पलटणींचा तळ झाला. नोकरीची मुदत संपलेल्या गोऱ्या सोजिरांना मायदेशी जाण्यासाठी इथे आणून ठेवीत. पण त्यांना नेणाऱ्या बोटी सुटत त्या हिवाळ्यात, साधारण नोव्हेंबर ते मार्च. जो एप्रिलात येऊन पोचला, त्याने करावे काय? काम नाही, शिस्त सैल, ऊन मी म्हणते, दारू स्वस्त. महिनोन्‌महिने वाट पाहता पाहता कोणी भांडत, कोणी आजारी पडत, कोणाचे डोके फिरे. देवळालीचा उच्चार त्यांच्या जिभेवर 'डूलॅली' झाला होता; त्याला आपला 'ताप' जोडून 'डूलॅली टॅप' म्हणजे देवळालीचा ताप, वेड, असा शब्द झाला. आजही इंग्लंडात कोणाचे डोके ठिकाणावर नसले की तो 'डूलॅली' झाला म्हणतात. बोलणाऱ्यांतल्या बहुतेकांना ठाऊकही नसते की, आपण नाशिक जिल्ह्यातल्या एका गावाचे नाव घेत आहोत. १९७४ साली बी. बी. सी.ने लष्करी नाटकमंडळीवर एक विनोदी मालिका काढली, तिचाही तळ देवळालीलाच होता.

या ताप्यांवर हसू येते, पण थोडा विचार केला की हसू मावळते. ज्याचे घर कुठेतरी आहे, ज्याची आई दार उघडून वाट पाहत आहे, त्याला कॅम्पचा एकेक दिवस खायला उठतो. त्याच्या लेखी कॅम्प म्हणजे केवळ मध्ये आलेला अडथळा. तो तिथे झाड लावीत नाही.

आता देवळालीला गाडीत बसावे. इगतपुरी मागे टाकावी, कसारा घाट उतरावा आणि कल्याणला यावे. तिथून कर्जतकडच्या लोकलने विठ्ठलवाडीच्या पुढचे स्टेशन उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धात कल्याणच्या या माळावर लष्कराच्या मोठ्या छावण्या होत्या. युद्ध संपले, बराकी ओस पडल्या. मग १९४७ साली देश फाटला आणि सिंधमधून हिंदू सिंधी कुटुंबे मिळेल त्या बोटीने, मिळेल त्या गाडीने इकडे आली. त्यांतल्या सुमारे एक लाख माणसांना या बराकींत जागा देण्यात आली. ज्या खोलीत शिपायांच्या खाटा होत्या, तिथे आता सुना, सासवा, तान्ही पोरे. मध्ये आडपडदा म्हणून साडी किंवा गोणपाट. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारींनी नगराची कोनशिला बसवली, आणि जवळून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून त्याला उल्हासनगर नाव दिले. उल्हास वाटावा असे तेव्हा तिथे दुसरे काही नव्हते; म्हणून नदीकडून उसना घेतला असावा.

नाव लागले, पण कॅम्प काही हटला नाही. आजही माणसे पत्ता सांगतात तो 'कॅम्प तीन', 'कॅम्प पाच' असाच. पिनकोडाचा शेवटचा आकडासुद्धा कॅम्पच्या नंबराशी जुळतो. फर्निचराची, कापडाची, जीन्सची दुकाने ओसंडून वाहत असतात. पापड वाळत असतात. कॅम्प पाचमध्ये झुलेलालचे चालिया मंदिर आहे. तिथली ज्योत सिंधमधून आणलेली आहे असे भाविक सांगतात. ज्यांना घरातले भांडेकुंडे आणता आले नाही, त्यांनी आगपेटीत मावणारी गोष्ट एवढ्या जपणुकीने आणली!

एका फर्निचरच्या दुकानात गल्ल्यावर ऐंशी ओलांडलेले एक गृहस्थ बसले होते. मी टेबलाची किंमत विचारली आणि मग ओघाने म्हटले, "काका, राहता कुठे?"

"कॅम्प चार."

"कॅम्प म्हणजे तात्पुरती जागा ना? तुम्हाला तर इथे पाऊणशे वर्षं होऊन गेली."

ते हसले. "भाऊ, मिलिटरी होती तोपर्यंत तो कॅम्प. माझ्या आईनं पहिल्या दिवशी चूल मांडली, तेव्हा घर झालं. नाव बदलायला वेळ कोणाला होता? आधी पोट, मग नाव." आणि थांबून म्हणाले, "लोक आम्हाला निर्वासित म्हणायचे. वडिलांना राग यायचा. ते म्हणायचे, निर्वासित नाही, पुरुषार्थी म्हणा."

मी टेबल घेतले. किंमत त्यांनी एक पैशाने उतरवली नाही.

पण चूल मांडली म्हणजे कागदोपत्री घर होते असे नाही. बराकीला खोली जोडली, खोलीवर मजला चढला, आणि सरकारदरबारी पुष्कळसे बांधकाम बेकायदा ठरले. अखेर उल्हासनगरासाठी म्हणून २००६ साली वेगळा कायदा करून अशी बांधकामे नियमित करण्याची सोय करावी लागली. जुन्या छावण्यांतल्या बंगल्यांची कथाही फार निराळी नाही. पुष्कळांच्या सनदेतली अट अशी की, जमीन सरकारची, भिंती तेवढ्या तुमच्या. लष्कराला गरज पडली तर महिन्याच्या नोटिशीने जागा परत. म्हणजे झुंबरे लावलेला बंगला आणि गोणपाट लावलेली बराक, दोहोंच्या उंबऱ्याखाली एकच भीती पुरलेली. कॅम्पात वय वाढते, नातवंडे होतात. पायाखालची जमीन मात्र तळाचीच राहते.

शेवटचा कॅम्प दक्षिणेला आहे, आणि त्याची पाटी आज कुठे दिसत नाही. मिरजेहून कोल्हापूरला जाताना कोल्हापूरच्या अलीकडे वळिवडे नावाचे छोटे स्टेशन लागते. १९४३ साली कोल्हापूर संस्थानातल्या या माळावर पोलंडमधली सुमारे पाच हजार माणसे येऊन उतरली. त्यांत बहुतेक बायका आणि मुले. १९४० साली रशियनांनी त्यांना घरातून उचलून सायबेरियाकडे धाडले होते. तिथून सुटून इराणमार्गे ती हिंदुस्थानात आली. सायबेरियाच्या बर्फातून थेट कोल्हापूरच्या उन्हात! कौलारू बराकींत त्यांनी शाळा काढल्या, चर्च उभारले, नाटके केली, बालवीरांची पथके चालवली. कोल्हापूरकरांनीही त्यांना आपल्या बाजारात सामावून घेतले.

१९४८ पर्यंत ही मंडळी निघून गेली. त्यांतल्या कितीकांना मूळ घरी परतताही आले नाही, कारण त्यांची गावे युद्धानंतर रशियाच्या सीमेत गेली होती. ती इंग्लंडला गेली, ऑस्ट्रेलियाला गेली, जगभर पांगली. त्यांच्यातले जे इथेच वारले, त्यांच्या कबरी कोल्हापुरात आहेत. पण जगभर गेलेल्या त्या मुलांनी कोल्हापूर टाकले नाही. वॉर्सा शहरात वळिवडे-कोल्हापूरचे स्मारक आहे. २०२४च्या ऑगस्टमध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथे फुले वाहिली. आणि २०१९ साली वळिवड्याला स्मृतिस्तंभ उभारला गेला. ज्या कॅम्पमध्ये माणसाला दिवस काढावे लागले, त्या कॅम्पचे नाव त्याने म्हातारपणी प्रेमाने घ्यावे, हे सहसा घडत नाही. याच विसाव्या शतकात दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर बायकापोरांना इंग्रजांनी आणि ज्यूंना जर्मनांनी ज्या कॅम्पांत कोंडले, त्यांना मराठीने 'छळछावणी' हा शब्द घडवला. त्या शब्दाशेजारी वळिवड्याचे नाव ठेवून पाहिले की, कोल्हापूरच्या त्या माळाची थोरवी कळते.

पोलिश मंडळी गेली आणि त्याच बराकींत सिंधहून आलेली कुटुंबे राहायला आली. एका बेघराने रिकामी केलेली खोली दुसऱ्या बेघराने झाडून घेतली. पहिल्यांना पुढे जायचे होते, दुसऱ्यांना परत जायला जागाच उरली नव्हती. त्यांनी कापडाची गाठोडी उघडली. आज त्या वस्तीचे नाव गांधीनगर. पश्चिम महाराष्ट्रातल्या गावोगावचे दुकानदार लग्नसराईची आणि दिवाळीची कापडखरेदी करायला तिथे येतात. कदाचित या दिवाळीत आपल्या घरात आलेली एखादी साडी त्याच माळावरून आली असेल.

आता छावण्यांचेही दिवस फिरले आहेत. २०२३ साली हिमाचलातले योल हे कॅन्टोन्मेंट मोडीत काढून त्याची नागरी वस्ती स्थानिक कारभाराकडे देण्याचे ठरले, आणि इतर छावण्यांतल्या वस्त्याही अशाच शेजारच्या नगरपालिकांना जोडाव्यात असा विचार सुरू झाला. कागदावर एक दिवस कदाचित सगळेच कॅम्प उठतील. त्या दिवशी तिथल्या माणसांच्या हाती फक्त नवी पाटी देऊ नये. पायाखालच्या जमिनीचा साधा, स्वच्छ, त्यांच्या नावाचा कागद द्यावा. शिपायाला बोट मिळाली की त्याचे काम भागते. बाजारबुणग्यांना सातबाराच लागतो.